साथीचे डोळे, डोळ्यातील नागीण आणि मेडिकलमधले थेंब : ओळख आणि उपचार

नेत्रसेवक

डोळे आले की आपल्या कोल्हापुरात लोक आधी मेडिकलचे दुकान गाठतात आणि डॉक्टरांकडे नंतर जातात. त्या दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ म्हणून जी बाटली हाती पडते तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड, म्हणजे सूज व लाली झटक्यात दाबणारे औषध, असते, आणि हा धागा काढण्याचे मुख्य कारण तेच आहे. जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून सगळी नोकरी झाल्यावर माझे ठाम मत असे झाले आहे की, साथीच्या डोळ्यांनी सहसा कोणाची दृष्टी जात नाही. दृष्टी जाते ती साथीच्या नावाखाली दुसराच आजार अंगावर काढल्याने आणि त्यात नको ते थेंब घातल्याने. मी नेत्रतज्ज्ञ नाही. त्यामुळे येथे लिहितो आहे ते ओळखण्यासाठी आणि वेळेत योग्य ठिकाणी जाण्यासाठी आहे, घरच्या घरी औषध ठरवण्यासाठी नाही.

आधी साथीचा नेहमीचा डोळा कसा असतो ते पाहू. विषाणूमुळे डोळे येतात त्यांपैकी बहुतेकांना ॲडिनोव्हायरस कारणीभूत असतो. संसर्ग झाल्यापासून साधारण ५ ते १२ दिवसांनी एक डोळा लाल होतो, आत कचकचते, सारखे पाणी वाहते, आणि दोन-चार दिवसांत दुसराही डोळा येतो, मात्र तो बहुधा पहिल्याइतका त्रास देत नाही. सोबत घसा धरणे, कणकण असणे हेही होऊ शकते. खालची पापणी ओढून उजेडात पाहिले तर आतल्या गुलाबी अस्तरावर भिजलेल्या साबुदाण्यासारखे बारीक, अर्धपारदर्शक उंचवटे दिसतात. कानाच्या अगदी पुढे बोटाने हलके दाबल्यावर दुखरे अवधाण लागले, तर विषाणूची शक्यता पुष्कळच वाढते. जिवाणूंमुळे आलेल्या डोळ्यात पाण्यापेक्षा पिवळट किंवा हिरवट पू अधिक असतो आणि तो पुसला तरी थोड्या वेळात पुन्हा जमतो. ॲलर्जीच्या डोळ्यात खाज हे मुख्य लक्षण असते. मूल दिवसभर डोळे चोळत असेल आणि दरवर्षी ठराविक दिवसांत हे होत असेल, तर ती साथ नव्हे.

दुसरा प्रकार झपाट्याने पसरणारा. एन्टेरोव्हायरस ७० आणि कॉक्सॅकी ए२४ या दोन विषाणूंमुळे जे डोळे येतात त्यांत संसर्गापासून एक-दोन दिवसांतच लक्षणे सुरू होतात, पापण्या सुजतात आणि बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात रक्त उतरते. आरशात तो लालभडक डाग पाहून माणूस घाबरतो, पण ते रक्त पातळ पडद्याखाली साकळलेले असते आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप जिरते. ही साथ जगाने प्रथम १९६९ मध्ये घानामध्ये पाहिली. अपोलो यानातून माणूस चंद्रावर उतरला तेच वर्ष असल्याने तिला ‘अपोलो’ हे नाव चिकटले. १९७१ मध्ये ती भारतात आली आणि निर्वासितांचे लोंढे येत असलेल्या बंगालमध्ये लोक बांगलादेश मुक्तियुद्धातील घोषणेवरून तिला ‘जय बांगला’ म्हणू लागले. अलीकडची आठवण २०२३ च्या पावसाळ्यातील आहे. आळंदीत आणि पुणे परिसरात हजारोंचे डोळे आले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत कॉक्सॅकी ए२४ आढळला होता. तीच साथ पुढे आपल्याकडेही पोहोचली.

या दोन्ही प्रकारांत विषाणूला मारणारे सिद्ध झालेले औषध आजमितीस नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अँटिबायोटिकचे थेंब विषाणूवर चालत नाहीत. जिवाणूंचा संसर्ग वर झाला असेल तरच त्यांचा उपयोग. उपचार म्हणजे त्रास कमी करणे. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पापण्या आतून बाहेर पुसाव्यात, तो कापूस लगेच टाकून द्यावा आणि दुसऱ्या डोळ्याला नवा घ्यावा. बंद पापण्यांवर दिवसातून चार-पाच वेळा गार पाण्याची पट्टी ठेवावी. कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचे ०.५ टक्के थेंब, म्हणजे ज्यांना कृत्रिम अश्रू म्हणतात ते, कचकच कमी करतात. दुखणे जास्त असेल तर पॅरासिटामॉल घेता येते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या तत्काळ बंद कराव्यात, आणि त्या काळात वापरलेली लेन्स, तिची डबी व काजळाची पेन्सिल टाकून द्यावी. कॉक्सॅकीचा डोळा आठवडाभरात बरा होतो. ॲडिनोव्हायरसचा दोन ते तीन आठवडे घेतो. औषध चालत नाही म्हणून चार दिवसांनी दुकान बदलणाऱ्यांनी हा कालावधी लक्षात ठेवावा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. डोळा नुसता कचकचत नसून खोलवर दुखत असेल, उजेडाकडे पाहवत नसेल, चिपडे पुसल्यानंतरही दिसणे अंधुकच राहत असेल, काळ्या बुबुळावर पांढरट ठिपका दिसत असेल, किंवा आठवडा उलटून गेला तरी एकच डोळा लाल असेल, तर ते ‘डोळे आले’ म्हणून सोडून देऊ नये. यांतील एकही लक्षण त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवण्यास पुरेसे आहे. यामागे हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू असू शकतो. ओठावर ताप उतरल्यावर जे पुरळ उठते त्याचाच हा विषाणू; तो मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षे निपचित राहतो आणि ताप, कडक ऊन, आजारपण अशा निमित्ताने पुन्हा डोके वर काढतो. तो बहुतेक वेळा एकाच डोळ्यात येतो आणि बुबुळाच्या पृष्ठभागावर जखम करतो. साध्या उजेडात ही जखम जवळजवळ दिसतच नाही. फ्लुरोसिन या रंगाची कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवली, रुग्णाला दोनदा पापण्या मिटायला सांगितल्या आणि निळा प्रकाश टाकला की, बुबुळावर हिरवी चमकणारी, फांद्या फुटलेली आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला बारीक गाठ असलेली एक रेघ उमटते. रंग घालण्याआधी कापसाचा पिळलेला धागा बुबुळाला हलकेच लावून पाहतात. निरोगी डोळा लगेच मिटतो, हर्पिसचा डोळा पुष्कळदा तसाच उघडा राहतो, कारण तेथील संवेदना कमी झालेली असते.

या आजाराला मात्र औषध आहे. ॲसायक्लोव्हिरचे ३ टक्क्यांचे डोळ्याचे मलम दिवसातून पाच वेळा, किंवा गॅनसायक्लोव्हिरचे ०.१५ टक्क्यांचे जेल, किंवा पोटातून गोळ्या, यांतील निवड नेत्रतज्ज्ञ करतात. वेळेत सुरू केले तर जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. याच डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब पडले तर विषाणूला मोकळे रान मिळते, फांदीची ती बारीक रेघ पसरून नकाशासारखे मोठे व्रण होतात आणि शेवटी बुबुळावर कायमचे फूल पडते. घातक गोष्ट अशी की, स्टेरॉइडने लाली एका दिवसात उतरते, रुग्णाला औषध लागू पडले असे वाटते आणि तो तीच बाटली पुन्हा घेतो.

म्हणून बाटलीवरील बारीक अक्षरे वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी कोणतेही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि डेक्सामेथासोन यांचे मिश्रण आपल्याकडे घराघरांतील फडताळात पडलेले असते. ते साधे अँटिबायोटिक आहे, असा लोकांचा समज आहे.

वसतिगृह_अधीक्षक

सर, अत्यंत उपयुक्त लेखन. मी शहरातील एका विद्यार्थी वसतिगृहाची व्यवस्था पाहतो. एका खोलीत चार मुले, नळ सामाईक, आणि दोरीवर सगळ्यांचे टॉवेल शेजारी शेजारी. एका मुलाचे डोळे आले की आठवडाभरात मजला आजारी पडतो. मुलांना घरी पाठवावे की वेगळे ठेवावे, आणि किती दिवस, हे दरवर्षी कोडे असते. डोळे आलेल्याच्या डोळ्यांकडे पाहिल्याने आपलेही येतात या समजुतीने मुले एकमेकांना काळा चष्मा लावायला भाग पाडतात. त्यात काही तथ्य आहे का?

नेत्रसेवक

पाहिल्याने डोळे येत नाहीत. विषाणू डोळ्याच्या पाण्यातून बोटावर, बोटावरून नळाच्या तोटीवर, कडीवर, मोबाइलवर आणि तेथून दुसऱ्याच्या बोटावरून त्याच्या डोळ्यात जातो. काळ्या चष्म्याने रुग्णाला उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे कमी जातो, एवढाच त्याचा उपयोग. शेजाऱ्याचे त्याने रक्षण होत नाही.

ॲडिनोव्हायरस आणि कॉक्सॅकी या दोघांनाही स्निग्ध आवरण नसते. त्यामुळे सॅनिटायझरवर विसंबून चालत नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुणे हेच खरे. ॲडिनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडेही टिकतो, म्हणून तोट्या, कड्या, जिन्याचे कठडे दिवसातून दोनदा ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने पुसून घ्यावेत. आजारी मुलाचा टॉवेल, उशीचा अभ्रा, साबण आणि थेंबांची बाटली वेगळी असावी. आपल्याकडे हळदीत भिजवून वाळवलेला फडका डोळे पुसायला देतात. फडका स्वतंत्र असणे चांगले, परंतु तोच दिवसभर खिशात ठेवून पुन्हा पुन्हा वापरला तर चांगला असलेला दुसरा डोळाही त्यानेच बिघडतो. एकदा वापरून टाकण्याचा कापूस किंवा टिश्यू त्याहून बरा.

दिवसांचे म्हणाल तर, पाणी वाहणे आणि लाली थांबेपर्यंत मुलाला वर्गापासून दूर ठेवावे. ॲडिनोव्हायरसमध्ये लक्षणे सुरू झाल्यापासून १० ते १४ दिवस संसर्ग पसरू शकतो. कोणता विषाणू आहे हे वसतिगृहात कळत नाही, म्हणून झपाट्याने आलेला व रक्त उतरलेला डोळा असेल तर किमान आठवडा, आणि हळूहळू एकामागून एक डोळा आला असेल तर दोन आठवडे धरावेत. गावी पाठवणे मला पटत नाही. एसटीने प्रवास करून तो मुलगा घरातील लहानग्यांना आणि आजीला आजार देणार. एक खोली रिकामी करून तेथे ठेवणे अधिक योग्य.

राजारामपुरीकर

माझा प्रश्न थोडा उलट बाजूचा आहे. मागील पावसाळ्यात माझे दोन्ही डोळे आले, बरे झाले, आणि तीन आठवड्यांनी समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले. नेत्रतज्ज्ञांनी यंत्राखाली तपासून मला स्टेरॉइडचेच थेंब दिले आणि ते कित्येक आठवडे हळूहळू कमी करत बंद केले. आपले लेखन वाचून मनात शंका आली. त्यांचे चुकले का?

नेत्रसेवक

मुळीच चुकले नाही, आणि आपण हे विचारले याबद्दल आभार, कारण माझ्या लेखनातून स्टेरॉइड म्हणजे विष असा अर्थ निघायला नको. ॲडिनोव्हायरसचा जोर ओसरल्यावर काही रुग्णांच्या बुबुळात, वरच्या थराच्या लगेच खाली, बारीक राखाडी ठिपके पडतात. तेथे जिवंत विषाणू नसतो. शरीराच्या प्रतिकारशक्तीने उरलेल्या विषाणूच्या अंशांवर दिलेली ती प्रतिक्रिया असते. ते ठिपके बुबुळाच्या मध्यावर आले की दिवे फुटतात, अक्षर पुसट होते, आणि काहींना हा त्रास महिनोन्‌महिने राहतो. ठिपके थोडे असतील तर वाट पाहणे पुरते. दृष्टीला अडथळा होत असेल, किंवा तीव्र आजारात पापणीच्या आत पडदा धरला असेल, तर सौम्य स्टेरॉइड देतात. ते एकदम तोडले तर ठिपके पुन्हा उमटतात म्हणून उतरत्या क्रमाने बंद करतात, आणि मधल्या काळात डोळ्याचा दाब तपासतात, कारण स्टेरॉइडने दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. आपल्या डॉक्टरांनी हर्पिस नाही याची खात्री यंत्राखाली केली आणि मग औषध दिले. मेडिकलच्या काउंटरवर ही खात्री करून घेण्याची सोय नसते.

औषधविक्रेता

मी या व्यवसायात आहे, म्हणून आमची बाजूही येथे नोंदवतो. ग्राहक पाच वर्षांपूर्वीची रिकामी बाटली घेऊन येतो आणि ‘हेच द्या’ म्हणतो. नाही म्हटले तर तो पुढच्या चौकात जातो आणि तेथे त्याला ती मिळते. हे समर्थन नव्हे. ही औषधे शेड्यूल एच मधील आहेत, चिठ्ठीशिवाय देणे बेकायदा आहे, आणि पाकिटावर उभी लाल रेघ त्यासाठीच छापलेली असते. मी स्वतः चिठ्ठी नसेल तर कृत्रिम अश्रू देतो आणि तीन गोष्टी विचारतो : दुखते का, अंधुक दिसते का, डोळ्याला काही लागले होते का. एकाचेही उत्तर होय आले तर थेंब न देता डॉक्टरांकडे पाठवतो. आणखी एक सांगणे आहे. थेंबांची बाटली उघडल्यापासून महिनाभराने टाकून द्यावी, मुदतीची तारीख दोन वर्षांनंतरची असली तरी. आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये, कारण टोक पापणीला लागते आणि साथ बाटलीतूनच पुढे जाते.

शिरोळचा_शेतकरी

लागण्यावरून आठवले. गळीत हंगामात उसाची पात डोळ्यावर सपकन बसते. आमच्याकडे तोडणीला आलेली माणसे डोळा लाल झाला की साथ आहे म्हणून सोडून देतात. कोणी जिभेने कुसळ काढतात, कोणी बाळंतिणीचे दूध घालतात.

नेत्रसेवक

आपण फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात, आणि आपल्या जिल्ह्यात तो विषाणूइतकाच मोठा आहे. पात, पाचट किंवा भाताचे कुसळ लागल्यानंतर लाल झालेला डोळा हा साथीचा डोळा नव्हेच. पाल्यावरील बुरशी जखमेतून बुबुळात शिरते, आणि काही दिवसांनी कोरडा, राखाडी-पांढरा, कडा विस्कटलेला व्रण दिसू लागतो. यावर नॅटामायसिनचे ५ टक्के थेंब असतात, पण ते आठवडेच्या आठवडे घालावे लागतात. येथेही स्टेरॉइडचे थेंब बुबुळाला भोक पडेपर्यंत मजल नेतात. दूध, मध, गुलाबपाणी यांपैकी काहीही निर्जंतुक नसते आणि जीभ तर मुळीच नाही. पात लागल्यावर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये, आणि दुसऱ्या दिवशी लाली वाढलेली असेल तर तोडणी एक दिवस थांबवून डोळा दाखवावा. मुकादमांनी हे मनावर घेतले तर कित्येक डोळे वाचतील.

तालमीतला

नमस्कार. मी तालमीत मुलांना सराव देतो. आमच्याकडे एका मुलाच्या गालावर आणि कपाळावर पाण्याचे बारीक फोड उठले, दोन दिवसांत त्याच बाजूचा डोळा लाल झाला. वस्तादांचे म्हणणे असे की, आखाड्याच्या मातीत हळद, ताक, लिंबू, कापूर असतो, तिथे रोग राहत नाही. तो मुलगा अजून लढत घेतो आहे.

नेत्रसेवक

त्याची लढत आजच थांबवावी आणि त्याला आजच नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे, ही कळकळीची विनंती. वर्णनावरून हे हर्पिस सिम्प्लेक्स असण्याची दाट शक्यता आहे. वस्तादांचा मातीवरील विश्वास मी समजू शकतो, मातीची ती मशागत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण हा विषाणू मातीतून येत नाही, तो कातडीवरून कातडीवर जातो. खडाखडीत कपाळाला कपाळ आणि मानेला मान घासते, तेथेच संसर्ग होतो. १९८९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका कुस्ती शिबिरात १७५ पैकी ६० मुलांना असाच संसर्ग झाला होता, त्यांतील बहुतेकांना डोक्यावर व चेहऱ्यावर, आणि काहींच्या डोळ्यांपर्यंत तो गेला. फोड पूर्ण वाळून खपली धरेपर्यंत आणि डॉक्टर सांगेपर्यंत त्याने आखाड्यात उतरू नये. त्याच्याशी गेल्या आठवड्यात लढलेल्या मुलांचे चेहरे रोज उजेडात पाहावेत. लंगोट, टॉवेल आणि तेलाची वाटी प्रत्येकाची वेगळी ठेवावी. डोळ्यात हर्पिस वारंवार होत असेल तर वर्षभर ॲसायक्लोव्हिरची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. त्याने पुन्हा होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. पुढे मोठ्या मैदानाची तयारी करणाऱ्या मुलासाठी ही माहिती मोलाची आहे.

गडहिंग्लजची_सून

सर, आत्ताच धागा वाचला. माझ्या सासऱ्यांच्या कपाळावर उजव्या बाजूला कालपासून नागीण उठली आहे, आज नाकाच्या शेंड्यावरही दोन फोड आले आणि उजवा डोळा लाल आहे. घरातील मंडळी गेरूचा लेप लावून घ्यायला शेजारच्या गावी न्यायचे म्हणत आहेत. त्यांना मधुमेह आहे.

नेत्रसेवक

ताई, लेपासाठी थांबू नका. नागीण म्हणजे लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, जो मज्जातंतूत दडून राहिलेला असतो. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला संवेदना पुरवणारी मज्जातंतूची शाखा एकच आहे, म्हणून शेंड्यावर फोड आले की डोळा सापडण्याची शक्यता फार वाढते. ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस, हा नेहमीचा उपचार आहे, आणि तो पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वाधिक उपयोगी पडतो. आपल्या हाती अजून वेळ आहे. मूत्रपिंडाच्या कामानुसार मात्रा कमी करावी लागते आणि मधुमेहात ते तपासणे आवश्यक असते, म्हणून गोळ्या मनाने सुरू न करता आजच गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. तेथे नेत्रतज्ज्ञ उपलब्ध नसतील तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आणा. फोडांवर गेरू, चुना, कसलाही पाला लावू नका. लेपाखाली जिवाणू वाढतात आणि डॉक्टरांना पापणी तपासता येत नाही. नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस दगावतो, असे कोणी म्हणत असेल तर घाबरू नका, पुरळ मज्जातंतूच्या पट्ट्यातच राहते आणि सहसा शरीराची मधली रेघ ओलांडत नाही.

फोड वाळल्यानंतरही डोळ्याची तपासणी काही आठवडे चालू ठेवावी लागेल, कारण डोळ्याच्या आत सूज येणे आणि दाब वाढणे हे प्रकार उशिरा सुरू होतात. घरात गरोदर स्त्री किंवा कांजिण्या न झालेले तान्हे बाळ असेल तर फोडांना खपली धरेपर्यंत त्यांना सासऱ्यांपासून दूर ठेवा, आणि त्यांचे अंथरूण व टॉवेल वेगळे धुवा. निघताना त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे आणि रक्ततपासणीचा शेवटचा कागद सोबत घ्या.